डागांवर प्रेम करणारी पाहिजे

तिला सगळे नाकबाई म्हणत. तोंडावर नाही हं, तोंडावर 'ताई'. पण पाठ वळली की नाकबाई. तिला ते ठाऊक होतं आणि आतून ते आवडायचंसुद्धा, कारण लाँड्रीत नावाने ओळखले जाणारे पुष्कळ होते, नाकाने ओळखली जाणारी ती एकटी.

तिचं काम डाग काढण्याचं. मागच्या खोलीत खिडकीजवळ एक लांब टेबल, त्यावर पांढरं फडकं अंथरलेलं, डाव्या हाताला बाटल्या, उजव्या हाताला तीन ब्रश. कपडा समोर आला की ती आधी तो नाकाशी धरायची. डोळे मिटायची. मग सांगायची, "शाई नाही ही, जांभळाचा रस आहे," की झालं. तेवीस वर्षांत तिच्या हातून एक कपडा वाया गेला नव्हता. इस्त्रीवाला तर पैज लावायचा तिच्या नाकावर, आणि जिंकायचा.

नाकाशिवाय गत्यंतर नव्हतं, हेही खरं. प्रत्येक कपड्याला एक चिठ्ठी टाचलेली यायची. काउंटरवर गिऱ्हाईक सांगेल ते त्यात लिहिलेलं असायचं: तेल, चहा, शाई. आणि त्यातलं निम्मं साफ खोटं! लोक डॉक्टरशी बोलत नाहीत तेवढं खोटं लाँड्रीत बोलतात. कॉलरवर लिपस्टिक असली तरी सांगणार 'भाजी सांडली'. म्हणून नाकबाई टाचणी काढायची, चिठ्ठी एप्रनच्या खिशात कोंबायची आणि संध्याकाळी खिसा केराच्या टोपलीत रिकामा करायची. वाचायचीच नाही.

जुने मालक होते तोवर सगळं ठीक चाललं होतं. मालक थकले, घरी बसले आणि गल्ल्यावर त्यांची सूनबाई आली. तिला 'मॅडम' म्हणायचं, असा तिनेच पहिल्या दिवशी प्रेमळ हुकूम काढला. बाई कामाला वाघीण, पण उत्साह इतका की समोरच्याला दम लागावा. एका सोमवारी तिने दाराच्या काचेला आतून एक मोठा कागद चिकटवला. तोच मजकूर वर्तमानपत्रातही आला होता. इस्त्रीवाल्याने तो मोठ्याने वाचून दाखवला.

"पाहिजे! पाहिजे! पाहिजे! डाग विभाग प्रमुख. डाग पाहिला की तुमच्या अंगावर रोमांच उभे राहतात का? रोज सकाळी नव्या डागाच्या ओढीने तुम्हाला जाग येते का? मग आमच्या कुटुंबाला तुमचीच प्रतीक्षा आहे! वय तिशीच्या आत. अनुभव किमान वीस वर्षं. सदैव हसतमुख. दबावाखाली फुलणारी. चार भाषा. तासाला चाळीस कपडे, आणि तरी प्रत्येक कपड्याशी वैयक्तिक जिव्हाळा. सगळं एकटीने पार पाडणारी, पण सगळ्यांना बरोबर घेऊन जाणारी."

"तिशीच्या आत आणि वीस वर्षं अनुभव," इस्त्रीवाला म्हणाला. "म्हणजे पोरगी पाळण्यातून उतरली ती थेट डागावरच बसली म्हणायची."

सगळे हसले. नाकबाई नाही हसली. डाग विभाग म्हणजे तरी काय? ते टेबल, त्या बाटल्या आणि ती. बस! मग तिच्या डोक्यावर प्रमुख कशाला?

त्या दिवसापासून तिच्या डोळ्यांसमोर ती बाई यायला लागली. जाहिरातीतली. जगात कुठे नव्हती बिचारी, पण नाकबाईला ती स्पष्ट दिसायची. अठ्ठावीस वर्षांची असेल, केस आखूड, दात पांढरेशुभ्र, हातांना आम्लाचा एक चट्टा नाही. खिडकीजवळच्या स्टुलावर बसलीय आणि तुपाचा डाग बघून तिच्या अंगावर काटा येतोय! भाषा चार-चार! नाकबाईला एकच येत होती आणि तीही ती जपून वापरायची. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या ती त्या बाईशी भांडायची. "तुला रोमांच येतात ना? मग घे हा बाळाच्या दुपट्यावरचा पिवळा डाग. बघू किती फुलतेस दबावाखाली!" नसलेल्या बाईवर माणसाने इतकं जळावं, हे तिलाही कळत होतं. कळून काय उपयोग, जळजळ थांबत नाही.

तिने स्वतः अर्ज का केला नाही, असं कुणीही विचारेल. अहो, अर्ज कसला! तेवीस वर्षं ज्या टेबलाशी उभी राहिली, त्या टेबलासाठी अर्ज करायचा? मॅडमने येऊन विचारायला हवं होतं. उत्तरसुद्धा तयार होतं तिचं: आधी जरा आढेवेढे, मग 'बघते', मग दुसऱ्या दिवशी 'बरं'. चार दिवस ती मॅडमच्या पायांचा आवाज ऐकत राहिली. मॅडम आली, पण विचारायला नाही, साबणाचा डबा न्यायला.

उमेदवार मात्र येऊ लागले. मॅडम प्रत्येकाला एक डागाळलेला टेबलक्लॉथ दाखवायची आणि विचारायची, "हे बघून तुम्हाला आत काय वाटतं?" एक चांगला अनुभवी माणूस म्हणाला, "डाग पडलाय असं वाटतं." त्याला परत पाठवलं. दुसरीने डोळ्यांत पाणी आणून दाखवलं, पण तिला डाग आणि छापील फूल यातला फरक कळला नाही. नाकबाई आतून ऐकायची आणि एकेक परत गेला की तिला तेवढ्यापुरतं बरं वाटायचं.

शुक्रवारी घरी आली तर धाकटी जमिनीवर वर्तमानपत्र पसरून बसलेली. "ताई, हे वाचलंस का? अगं, ही तर मीच!"

धाकटी म्हणजे नाकबाईची सख्खी बहीण, सात वर्षांनी लहान. तिची कहाणी थोडक्यात सांगायची तर नवरा एके दिवशी सामान बांधून निघून गेला, आणि ती तिचं सामान बांधून ताईच्या दोन खोल्यांत आली. त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून तीन नोकऱ्या झाल्या. फुलांचं दुकान बंद पडलं, दातांच्या डॉक्टरांनी दवाखाना विकला, खेळण्यांच्या दुकानाने तर महिन्यातच मान टाकली. पण बाईचं हसू काही मावळलं नाही! जिन्यात कुणी भेटलं तर हिला पंधरा मिनिटं लागायची वर यायला. नाकबाईचा मुलगा दूर नोकरीला होता. दर रविवारी फोन करायचा, आणि आईचा आवाज ऐकला की पहिला प्रश्न, "मावशी कशी आहे?" लहानपणी आईचंही तसंच. थोरलीने घर झाडलं, पाणी भरलं, तर आई म्हणायची, "बरं." धाकटीने नुसतं दारात उभं राहून गाणं म्हटलं की आई हातातलं काम टाकून ऐकायची. आता आई नव्हती. पण तो 'बरं' नाकबाईच्या पोटात अजून तसाच होता.

"तुला कॉलर आणि कफ यातलं कळत नाही," ती म्हणाली.

"जाहिरातीत कॉलरचं कुठे काय लिहिलंय?" धाकटी म्हणाली. आणि खरंच नव्हतं लिहिलेलं.

"वय तिशीच्या आत लिहिलंय."

"ते सगळेच लिहितात गं. हसून विचारलं की चालतं."

आणि चाललं की! मॅडमने टेबलक्लॉथ पुढे धरला तेव्हा धाकटी म्हणाली, "अगंबाई! कुणाच्या तरी घरी खूप मजा झालेली दिसतेय." मॅडम टाळ्या पिटायची तेवढी बाकी राहिली. आठ दिवस काम बघते, म्हणाली, मग पाटी रंगवायला देते. डाग विभाग प्रमुख. मागच्या खोलीच्या दारावर लावायची ती पाटी. म्हणजे रोज सकाळी आपल्याच बहिणीच्या पाटीखालून आत शिरायचं आणि तिला विचारून ब्रश उचलायचा! 

आता तुम्ही म्हणाल, धाकटीने घोळ घातला असेल. नाही ना! तिथेच तर दुखणं होतं. मॅडमने तिला काउंटरवर उभं केलं, आणि जे तेवीस वर्षांत कुणाला जमलं नव्हतं ते तिने दोन दिवसांत केलं. लोक तिला खरं सांगू लागले. एक मिशीवाले गृहस्थ, जे वर्षानुवर्षं 'सूप सांडलं' सांगत होते, त्यांनी हळूच सांगितलं की ते केसांना काळा रंग लावतात आणि तो उशीच्या अभ्र्याला लागतो. एका शिक्षिकेने तर तिच्याशी बोलता बोलता रडून घेतलं आणि मग सांगितलं की सासूने मुद्दाम औषध सांडलं. धाकटी सगळं चिठ्ठीवर लिहायची. एका शब्दाच्या जागी चार-चार ओळी, बारीक अक्षरात.

पहिले दोन दिवस नाकबाईने त्या चिठ्ठ्या चोरून वाचल्या. वास घेऊन झाल्यावर, फक्त ताडून बघायला. दोन्ही जुळायचं. पण तिला जे शोधायला पाच मिनिटं लागायची ते चिठ्ठीवर आधीच लिहिलेलं असायचं, आणि याचा तिला जो काही संताप यायचा! मग आठव्या दिवशी सकाळी तिने मॅडमला बोलताना ऐकलं. "तुमच्या चिठ्ठ्या म्हणजे सोनं आहे हो," मॅडम धाकटीला म्हणत होती. "आता नाकबाईंना वाससुद्धा घ्यायला नको."

झालं. अंगाचा तिळपापड होणं म्हणजे काय ते नाकबाईला त्या क्षणी कळलं. 'नाकबाई' हे मॅडमच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं, आणि तेही असं! वास घ्यायला नको म्हणे. मग उरलं काय? हात? हात तर कुणालाही असतात.

अकरा वाजता तिच्या टेबलावर एक करडा लोकरी कोट आला. बाईमाणसाचा, चांगल्या कापडाचा, आणि समोर उजव्या बाजूला तळहाताएवढा तपकिरी डाग. टाचणीला चिठ्ठी, घडी घातलेली, फुगलेली. बराच मजकूर असणार. नाकबाईने टाचणी काढली आणि चिठ्ठी न उघडता खिशात घातली. कोट नाकाशी धरला. चहा. दूध नाही, साखर बेताची. झोपेतही ओळखला असता असा चहा.

तिने कोमट पाण्यात थोडं व्हिनेगर घातलं, मऊ ब्रश घेतला आणि कडेकडून आत अशी हलक्या हाताने सुरुवात केली. हजार वेळा केलेलं काम. तपकिरी रंग सुटायला लागला. तिला वाटलं, घ्या, वाचा आता चिठ्ठ्या! आणि ब्रश मध्यावर आला तशी लोकर त्याच्याबरोबर निघून आली. तिने हात थांबवला, पण उशीर झाला होता. फडक्यावर काळपट भुगा पडला होता आणि कोटाला भोक होतं. चांगलं बोटभर लांब, दोन बाजूंनी सरळ, वर टोकदार.

इस्त्रीवाला मान लांब करून बघत होता. तो जवळ आला. "हे तर इस्त्रीचं टोक आहे," तो हळूच म्हणाला. "भाजलेलं होतं, ताई. डाग नव्हताच."

नाकबाईने खिशातून चिठ्ठी काढली. धाकटीचं बारीक अक्षर: 'चहा दिसतो पण चहा नाही. बायको गावाला गेलीय, यांनी इस्त्री करायला घेतला आणि भाजला. भाजलेलं दिसू नये, वासही येऊ नये म्हणून वरून स्वतःच कडक चहा ओतला. रफू करणारा शोधतायत. ब्रश अजिबात लावायचा नाही. ताई, आधी मला हाक मार.'

तेवीस वर्षं! तेवीस वर्षांत एक कपडा नाही, आणि आज हा. तिने चिठ्ठी मुठीत आवळली, तेवढ्यात मॅडम आत आली, मागोमाग धाकटी. भोक लपण्यासारखं नव्हतंच. मॅडमने कोट उचलला, खिडकीकडे धरला. भोकातून उजेड आला.

"हे कसं झालं?"

धाकटी पुढे आली. तिने एकदा ताईच्या मुठीकडे बघितलं, नीट बघितलं, आणि म्हणाली, "माझी चूक आहे, मॅडम. ते गृहस्थ सांगून गेले होते भाजलंय म्हणून. गप्पांच्या नादात मी चिठ्ठी लावायचीच विसरले. ताईला कसं कळणार?"

मॅडमचा चेहरा उतरला. "आज मी पाटी रंगवायला पाठवणार होते," ती म्हणाली. "पण चिठ्ठीच विसरायला लागलात तर..." पुढचं तिने बोलायची गरज नव्हती.

खरं सांगायचं तर नाकबाईला पहिल्यांदा सुटल्यासारखं वाटलं. गेली पाटी! टेबल राहिलं, बाटल्या राहिल्या, नाक राहिलं. फक्त गप्प उभं राहायचं होतं, आणि गप्प राहणं तर तिला जन्मापासून येत होतं. मग तिची नजर इस्त्रीवाल्याकडे गेली. त्याने मूठ बघितली होती. त्याला सगळं कळलं होतं आणि तो धाकटीकडे असा बघत होता, जसं आयुष्यात नाकबाईकडे कुणी बघितलं नव्हतं. आणि धाकटी उभी होती शांत, ओठांच्या कोपऱ्यात थोडंसं हसू. म्हणजे मन मोठं करायचं तेसुद्धा हिनेच! आईही हिची, पोरगाही हिचा, गिऱ्हाईकंही हिची, आणि आता त्यागही हिचाच! मी काय, जन्मभर हिचे उपकार अंगावर घेऊन बसू? नाही म्हणजे नाही.

तिने मूठ उघडली आणि चुरगळलेली चिठ्ठी टेबलावर आपटली. "खोटं बोलतेय ती. चिठ्ठी होती."

मॅडमने चिठ्ठी सरळ केली, वाचली. परत वाचली. "मग तुम्ही वाचली नाहीत?"

"नाही."

"का?"

"तिने लिहिली होती म्हणून."

इस्त्रीवाला उगाचच आपल्या इस्त्रीकडे परत गेला. मॅडमने कोटाची घडी घातली आणि आधी रफूवाल्याला फोन लावला, मग कोट आणणाऱ्या त्या गृहस्थांना, बायको येण्याआधी जमवतो म्हणून. तेवढं झाल्यावर तिने निर्णय सांगितला. पाटी आजच रंगवायला जाणार. प्रमुख धाकटी. नाकबाईने टेबल सांभाळायचं, आणि इथून पुढे प्रत्येक चिठ्ठी वाचून खाली सही करायची. "आणि खरं बोललात, त्याचं मला कौतुक आहे," मॅडम जाता जाता म्हणाली. नाकबाईला ते कौतुक थोबाडीत मारल्यासारखं लागलं. कसलं खरं आणि कसलं काय! ज्या हेव्यापायी कोट गेला, त्याच हेव्यापायी चिठ्ठी बाहेर आली होती. आणि आपल्या हाताने धाकटीला पाटी देऊन बसली होती.

संध्याकाळी सहाला दोघी बरोबरच निघाल्या. रस्त्याला गर्दी होती. धाकटी आज कुणाशी बोलायला थांबली नाही. वळणावरचं औषधांचं दुकान ओलांडलं तरी तिचं तोंड बंद, आणि नाकबाईला ते सहन होईना. तिला बहिणीची बडबड सहन व्हायची नाही, पण गप्प बसणं त्याहून अवघड होतं.

"बोल की काहीतरी," ती म्हणाली. "पाटी मिळाली ना?"

"तू मला एकदा तरी तुझ्यासाठी काही करू दिलंस का गं?" धाकटी एकदम थांबून म्हणाली. डोळे भरले होते तिचे. "तीन वर्षं तुझ्या घरात राहते, तुझं खाते. आज एक गोष्ट करायला मिळत होती. तीही तू हिसकावून घेतलीस."

"मला तुझा हेवा वाटतो," नाकबाई म्हणाली. कसं तोंडातून गेलं तिला कळलं नाही, पण एकदा सुटलं ते सुटलंच. "लहानपणापासून. आई तुझं गाणं ऐकायची तेव्हापासून. पोरगा तुझी चौकशी करतो तेव्हाही. तू हसतेस त्याचा, लोक तुला सांगतात त्याचा. आज चिठ्ठी बाहेर काढली ती काही चांगुलपणाने नाही. तू माझ्यापेक्षा मोठी ठरलीस ते बघवेना म्हणून."

"माहितीये."

"काय माहितीये?"

"सगळंच. पहिल्यापासून." धाकटीने ओढणीने नाक पुसलं. "मला बरं वाटायचं, ताई."

"बरं वाटायचं?"

"मग काय! नवरा मला सोडून गेला, तो एकदा मागे वळून बघायलाही आला नाही. तीन नोकऱ्या गेल्या, मला विचारायला कुणी आलं नाही. माझ्याकडचं काही कुणाला हवंसं वाटावं, असं या जगात तू सोडून कोण आहे? घरी आले आणि तू तोंड वाकडं केलंस की मला वाटायचं, चला, म्हणजे आहे अजून आपल्याकडे काहीतरी. त्याच्यावरच तर मी रोज सकाळी उठून हसत होते."

नाकबाई रस्त्यातच उभी राहिली. मागून येणारा एकजण वैतागून बाजूने गेला. तिने धाकटीच्या हातातली पिशवी घेतली, कारण तेवढंच करता येण्यासारखं होतं.

"म्हणून अर्ज केलास?" तिने विचारलं.

"छे! अर्ज पगारासाठी केला," धाकटी म्हणाली आणि रडता रडता हसली. दोघी चालू लागल्या. जिन्याशी आल्यावर धाकटीने तिचा दंड धरला. "ताई, आता पाटीवर नाव आलं म्हणून आदराने वगैरे वागायला लागू नकोस हं मला. होतं तसंच जळत जा."

"जळेन," नाकबाई म्हणाली. तिने आजवर दिलेल्या शब्दांपैकी हा एकच असा होता, जो पाळताना तिला काडीचाही त्रास होणार नव्हता.